बलवान चुंबक आणि गिटारचा आवाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर या वसाहतीला जे महाऔष्णिक विद्युत केंद्र लाभले आहे, त्याचा पहिला संच 1983 साली सुरू झाला आणि आज त्याची स्थापित क्षमता 2920 मेगावॉट आहे. या केंद्रातील अवाढव्य जनित्र आणि इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेला छोटासा पिकअप ही दोन्ही साधने एकाच तत्त्वावर चालतात. मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखवून दिलेले हे तत्त्व म्हणजे विद्युतचुंबकीय प्रवर्तन, अर्थात वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की त्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होणे. जनित्रात हा बदल फिरणारा चुंबक घडवतो. गिटारमध्ये मात्र चुंबक स्थिर असतो, तो वरच्या पोलादी तारेला चुंबकित करतो आणि ती तार कंप पावू लागली की खालच्या वेटोळ्यात क्षीण विद्युतसंकेत उमटतो. नायलॉनच्या तारांपुढे असा पिकअप मुका राहतो, तो यामुळेच.

या तत्त्वावरून सहज काढला जाणारा, आणि पुष्कळ हौशी प्रयोगांच्या मुळाशी असणारा, निष्कर्ष असा की चुंबक जितका बलवान तितका आवाज मोठा आणि म्हणून चांगला. यातील पहिला अर्धा भाग काही मर्यादेपर्यंत खरा आहे. तारेपाशी असलेले क्षेत्र दुप्पट केले तर संकेत फार तर दुप्पट होतो, म्हणजे 6 डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबलची वाढ लागते; शिवाय पोलादी तार एका मर्यादेपलीकडे चुंबकित होत नसल्याने पुढची प्रत्येक वाढ कमी फळ देते. या लाभाची किंमत मात्र याहून वेगाने चढते, कारण चुंबक तारेला ज्या बलाने खाली ओढतो ते बल क्षेत्राच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट क्षेत्रासाठी चौपट ओढ सोसावी लागते.

या ओढीमुळे तारेचा नाद लगेच दबतो, असा समज आहे. प्रत्यक्षात पहिला दोष सुरात येतो. तार चुंबकाच्या जवळ आली की ओढ वाढते आणि दूर गेली की कमी होते, त्यामुळे तिच्या वर-खाली होणाऱ्या कंपनाची वारंवारता किंचित उतरते, तर आडव्या कंपनावर हा परिणाम तितका होत नाही. एकाच तारेत दोन जवळचे स्वर एकाच वेळी नांदू लागतात आणि त्यांच्या मिश्रणातून नाद डोलल्यासारखा कानावर येतो. जाड तारांवर, वरच्या फ्रेटवर दाबलेल्या स्वरांत आणि विशेषतः मानेकडच्या पिकअपपाशी हा दोष सर्वांत ठळक असतो. सुराच्या शुद्धतेवर वाढलेल्या भारतीय कानाला तो अधिक खुपणार, हे उघड आहे.

‘बलवान’ या शब्दातही दोन वेगळे गुण एकत्र झाले आहेत. चुंबकित केल्यावर पदार्थात किती चुंबकत्व उरते हा एक गुण, आणि विरोधी क्षेत्रापुढे ते किती चिवटपणे टिकते हा दुसरा. ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचा ‘अल्निको 5’ हा चुंबक पहिल्या कसोटीवर सुमारे 1.2 टेस्ला, म्हणजे जवळपास नियोडिमियम चुंबकाच्या बरोबरीचा असतो. तथाकथित जोरकस सिरॅमिक चुंबक त्याच कसोटीवर सुमारे 0.4 टेस्लाच्या पुढे जात नाही, पण चिवटपणात अल्निकोला कितीतरी मागे टाकतो आणि म्हणून पातळ, आखूड आकारातही प्रभावी राहतो. अल्निकोला लांब दांड्याचा आकार मानवतो, तो यामुळेच. इतिहासही हेच सांगतो : जॉर्ज बीचम यांच्या 1930 च्या दशकारंभीच्या रिकनबॅकर पिकअपला नालाच्या आकाराचे मोठे पोलादी चुंबक लागले, तर 1931 साली जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लावलेल्या शोधातून विकसित झालेल्या अल्निकोमुळे पुढे पिकअप आटोपशीर करता आला.

चुंबक बदलला की आवाजाचा पोतही बदलतो हे खरे, परंतु त्याचे सगळे श्रेय क्षेत्राच्या जोराला देणे चूक आहे. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारमध्ये अल्निकोचे दांडे वेटोळ्याच्या आतच असतात आणि ते लोहगाभ्याप्रमाणे वेटोळ्याचे इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, वाढवतात; नियोडिमियम हे काम जवळजवळ करतच नाही. साधारण 2.5 हेन्रीचे वेटोळे आणि 500 पिकोफॅरड धारकतेची केबल यांचे अनुस्पंदन, म्हणजे ज्या वारंवारतेवर संकेताला सर्वाधिक उठाव मिळतो ती जागा, सुमारे 4500 हर्ट्झवर येते. इंडक्टन्स घटले की ही जागा वर सरकते आणि आवाज अधिक धारदार होतो. केबल लांब घेतली तर ती खाली येते, आणि असा स्वस्त प्रयोग चुंबकाच्या आधी करून पाहण्याजोगा आहे.

गिटारमधून ऐकू येणाऱ्या गुणगुणीबद्दलचा गैरसमज ऊर्जानगरसारख्या ठिकाणी विशेष स्वाभाविक आहे, कारण वीजकेंद्राचा शेजार हेच तिचे कारण असे वाटू शकते. केंद्रातील दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला 3000 फेरे घेते, त्यातून 50 हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो आणि गिटारमधील गुणगुण याच वारंवारतेची व तिच्या पटींची असते, एवढे खरे. पण चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होत असल्याने गुणगुणीचा उगम बहुधा खोलीतच, ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, ट्यूबलाइटच्या चोकमध्ये किंवा भिंतीतील वायरिंगमध्ये असतो. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे 750 किलोमीटर गेलेल्या 500 किलोव्होल्टच्या वाहिनीत तर एकदिश प्रवाह असतो आणि स्थिर क्षेत्र वेटोळ्यात दाब निर्माण करत नाही. बलवान चुंबक गुणगुण मुळीच घटवत नाही. संकेत वाढल्याने ती तुलनेने थोडी मागे पडते इतकेच. खरा उपाय गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी 1955 साली पेटंटसाठी मांडला : एकमेकांच्या उलट जोडलेली दोन वेटोळी आणि उलट ध्रुव, ज्यायोगे बाहेरची गुणगुण परस्परांत विरते आणि तारेचा संकेत मात्र जुळून वाढतो.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 47 अंशांपलीकडे जातो म्हणून चुंबक दुबळे पडतील, ही भीतीही निराधार आहे. अल्निको कित्येक शे अंश सोसतो आणि साधा नियोडिमियमही सुमारे 80 अंशांपर्यंत टिकतो. अल्निकोला धोका आहे तो शेजारी ठेवलेल्या नियोडिमियमचा, कारण तो त्याचे चुंबकत्व घटवू किंवा उलटवूही शकतो. नियोडिमियमचे तुकडे एकमेकांवर आदळून फुटतात आणि बोटे चिमटतात. लहान मुलाने असे दोन तुकडे गिळले तर आतडी त्यांच्यात चेपून जिवावर बेतते, म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

चुंबक बदलण्याचा प्रयोग करायचाच असेल तर वेटोळ्याखाली चुंबकाची आडवी पट्टी असलेला पिकअप निवडावा, कारण जुन्या धर्तीच्या फेंडर पिकअपमध्ये सुमारे 0.06 मिलिमीटर जाडीची तार थेट चुंबकाच्या दांड्यांवरच गुंडाळलेली असते आणि दांडा ढकलताच ती तुटते. वीजकेंद्रातील जनित्राचे क्षेत्र रोटरमधील प्रवाह कमी-अधिक करून हवे तसे राखता येते. गिटारवादकाजवळ त्या जागी पिकअपची उंची ठरवणारा स्क्रू आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप तिच्यापासून 2 ते 3 मिलिमीटरवर आणावा, मग अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने वर-खाली करत आवाज आणि सूर दोन्ही ऐकावेत, आणि नवा चुंबक विकत घ्यायचा की नाही हे त्यानंतरच ठरवावे.