झिप फाइल आणि तिची उघडी कृती

वर्डमध्ये तयार केलेला आजचा कुठलाही मजकूर घ्या, अँड्रॉइड मोबाइलवर चढवायच्या अ‍ॅपची फाइल घ्या किंवा ईपब स्वरूपातले एखादे मराठी ई-पुस्तक घ्या. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ते उघडले तर अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो. त्या ढिगाची पहिली दोन अक्षरे मात्र वाचता येतात : पी आणि के. आतून या तिन्ही झिप फायलीच असतात आणि ती दोन अक्षरे फिल काट्झ या अमेरिकन प्रोग्रामरच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

फायली लहान करण्यामागचे गणित सुंदर आहे. पण कोणते स्वरूप टिकले आणि कोणते मागे पडले, याचा निकाल एकट्या गणिताने लावलेला नाही. आपली कृती कोणी उघडी ठेवली आणि कोणी अडवून धरली, हेही तितकेच निर्णायक ठरले.

१९५१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मुभा दिली : परीक्षा द्या, नाहीतर निबंध लिहा. निबंधाचा प्रश्न असा, की कोणत्या चिन्हाला किती लांबीचा संकेत दिला म्हणजे सगळा मजकूर कमीत कमी जागेत मावेल? या प्रश्नाचे निर्दोष उत्तर खुद्द फॅनो यांना आणि माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांनाही सापडले नव्हते. फॅनो यांनी हे वर्गात सांगितलेच नाही. डेव्हिड हफमन हा पंचविशीतला विद्यार्थी कित्येक महिने त्यावर झटला आणि शेवटी हात टेकून परीक्षेच्या तयारीला लागायचे त्याने ठरवले. टिपणे फेकून देण्याच्या बेतात असतानाच त्याला वाट दिसली. गुरुजी चिन्हांच्या यादीचे वरून खाली भाग पाडत होते. हफमनने तळापासून सुरुवात केली. सर्वांत कमी वेळा येणारी दोन चिन्हे एकत्र बांधायची, त्या जोडीला एकच चिन्ह मानायचे आणि पुन्हा तेच करत वर जायचे. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आपोआप आखूड संकेत मिळतो, क्वचित येणाऱ्याला लांब. १९५२ साली हा शोध छापून आला. हफमनने त्याचे पेटंट घेतले नाही.

ही पद्धत एकेका चिन्हाकडे पाहते. मजकुरात तर अख्खे शब्द, अख्ख्या ओळी पुन्हा पुन्हा येत असतात. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या अब्राहम लेम्पेल आणि याकोव्ह झिव्ह यांनी १९७७ साली नेमके तेच हेरले. एखाद्या गावची मतदारयादी डोळ्यांसमोर आणा. तीच आडनावे, तेच गावाचे नाव, तेच ‘वडिलांचे नाव’. लेम्पेल-झिव्ह पद्धतीत दुसऱ्यांदा आलेला मजकूर पुन्हा लिहिलाच जात नाही. त्याजागी एवढीच खूण येते : अमुक इतकी अक्षरे मागे जा आणि तिथून इतकी अक्षरे उचल. वेगळा शब्दकोश सोबत पाठवावा लागत नाही, कारण उलगडणाऱ्याने तोवर वाचलेला मजकूर हाच शब्दकोश. १९७८ साली दोघांनी आणखी एक पद्धत मांडली. तिच्यात वाचता वाचता शब्दांची यादी तयार होत जाते. २०२३ च्या फेब्रुवारीत लेम्पेल गेले आणि मार्चमध्ये झिव्ह.

झिपमध्ये मुख्यतः वापरली जाणारी डिफ्लेट पद्धत म्हणजे या दोन कल्पनांचा संगम. आधी ३२ किलोबाइटपर्यंत मागे नजर टाकून पुनरावृत्ती शोधायची, मग उरलेल्या चिन्हांना हफमनचे संकेत द्यायचे.

मराठी मजकुराला याचा विशेष लाभ होतो. संगणकावर आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला, मग ते व्यंजन असो की काना-मात्रा, तीन बाइट लागतात. पण त्या तिनांपैकी पहिला बाइट नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे नवी माहिती जवळपास सगळी तिसऱ्या बाइटमध्ये. झिप करताना ही पुनरावृत्ती गळून पडते आणि इंग्रजीच्या तुलनेत मराठी फाइलवर बसलेला जादा भार बराच हलका होतो.

मग प्रत्येक फाइल लहान का होत नाही? झिप केलेली फाइल पुन्हा झिप केली तर ती चिमूटभर वाढते, असे का? उत्तर शाळकरी गणिताचे आहे. तीन बिटांच्या फायली एकूण आठ. त्याहून आखूड फायली किती? दोन बिटांच्या चार, एका बिटाच्या दोन आणि एक पूर्ण रिकामी, म्हणजे सात. आठ फायलींना सात जागा पुरत नाहीत. कोणत्या तरी दोन एकाच जागी येतील आणि उलगडताना मूळ कोणती होती हे कळणार नाही. फाइल कितीही मोठी असली तरी हा हिशेब बदलत नाही. कुठलीही फाइल हमखास लहान करून देतो, असा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरवर म्हणूनच कधीही विश्वास ठेवू नये.

आता काट्झ. १९८०च्या दशकात मोडेममधून फायली पाठवताना प्रत्येक मिनिटाचे टेलिफोन बिल चढत असे. ‘सी’ या छोट्या अमेरिकन कंपनीचा ‘आर्क’ हा प्रोग्राम तेव्हा लोकप्रिय होता. मिलवॉकीच्या काट्झने त्याची बरीच वेगवान आवृत्ती काढली. १९८८ साली ‘सी’ कंपनीने खटला भरला. काट्झच्या प्रोग्राममध्ये मूळ प्रोग्रामातल्या टिपा शुद्धलेखनाच्या चुकांसकट सापडल्या. तडजोड झाली आणि काट्झला भरपाई द्यावी लागली. कायद्याच्या बाजूने ‘सी’चे म्हणणे रास्तच होते. पण काट्झने पुढे जे केले ते इतिहासात राहिले. १९८९ साली त्याने झिप हे नवे स्वरूप आणले आणि फाइलची रचना कशी आहे याचे संपूर्ण वर्णन सर्वांसाठी खुले केले. कोणीही वाचावे, कोणीही आपला प्रोग्राम लिहावा. काट्झ स्वतः २००० सालच्या एप्रिलमध्ये, अवघ्या ३७व्या वर्षी, दारूच्या व्यसनाने गेला. त्याचे स्वरूप मात्र जगभर पसरले.

उलट गोष्ट जिफची. लेम्पेल-झिव्ह यांच्या १९७८च्या पद्धतीत टेरी वेल्च यांनी सुधारणा केली आणि ती १९८४ साली छापून आली. वेल्च ज्या स्पेरी कंपनीत होते तिने पेटंट घेतले आणि पुढे ते युनिसिसकडे गेले. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली चित्रांसाठी जिफ हे स्वरूप काढताना हीच पद्धत वापरली. वेबवर जिफची चित्रे सर्वत्र झाली आणि १९९४ सालच्या डिसेंबरअखेर जाहीर झाले, की जिफ हाताळणारे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी परवाना शुल्क द्यावे. प्रोग्रामर संतापले. पण नुसते संतापून थांबले नाहीत. जानेवारी १९९५ मध्ये टॉमस बुटेल यांनी नव्या स्वरूपाचा आराखडा मांडला, अनेकांनी मिळून तो घासूनपुसून घेतला आणि १९९६ साली पीएनजी तयार झाले. त्याच्या पोटात डिफ्लेट आहे. फ्रान्सचे जाँ-लू गायी आणि अमेरिकेचे मार्क अ‍ॅडलर या दोघांनी याच पद्धतीवर आधी जीझिप आणि मग झीलिब लिहून मोफत दिले. अमेरिकेतले ते पेटंट जून २००३ मध्ये संपले, पण तोवर पीएनजी स्थिरावले होते.

हे सारे प्रकार फाइल जशीच्या तशी परत देतात. फोटो आणि चित्रपट यांचे तसे नसते. तिथे डोळ्याला न जाणवणारा तपशील कायमचा टाकून दिला जातो. जेपेगचा पाया असलेले गणित बंगळूरचे नासीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. हे भारतीयांना शाळेत शिकवायला हवे.

टाकून देण्यात धोकाही आहे. २०१३ सालच्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत आहेत. इमारतीच्या आराखड्यात २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ छापून आले. दिसायला सारखे वाटणारे तुकडे एकच मानून जागा वाचवणारी जेबिग२ ही पद्धत त्यामागे होती. पान धूसर झाले असते तर शंका तरी आली असती. इथे चुकीचा आकडा अगदी स्वच्छ उमटला होता. कंपनीला सुधारणा द्यावी लागली.

घरोघरी आणि गावोगावच्या ग्रंथालयांत आज जुने अंक, पत्रे, दस्तऐवज स्कॅन होत आहेत. ते करणाऱ्यांना एकच विनंती : मूळ प्रत पीएनजीत किंवा काहीही न गाळणाऱ्या टिफमध्ये जपा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी जेपेगची प्रत वेगळी काढा.