अभिस्तर

शरीराचा बाह्य पृष्ठभाग, तसेच अन्नमार्ग, श्वसनमार्ग, मूत्रमार्ग व ग्रंथी यांची आतील बाजू आच्छादणाऱ्या, एकमेकींस घट्ट जोडलेल्या कोशिकांच्या (पेशींच्या) थरास ‘अभिस्तर’ म्हणतात. शरीर व बाह्य परिसर यांमधील ही सीमा असून ती अडसर व द्वार अशी दोन्ही कार्ये करते. यांपैकी कोणतेही कार्य बिघडल्यास रोग उद्भवतो.

रचना : अभिस्तर आधारकला नावाच्या पातळ पटलावर टेकलेला असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषक द्रव्ये त्याला खालच्या संयोजी ऊतकातून विसरणाने मिळतात. फुप्फुसातील वायुकोशांत तो एकपदरी व चपट्या कोशिकांचा, आतड्यात एकपदरी व स्तंभाकार कोशिकांचा, तर घर्षण सोसणाऱ्या त्वचेत व तोंडात अनेकपदरी असतो. कोशिकेच्या पोकळीकडील व तळाकडील पृष्ठभागांवर भिन्न प्रथिने असल्याने पदार्थांची ने-आण ठराविक दिशेने होते. लहान आतड्यातील अभिस्तर सु. ३ ते ५ दिवसांत नवा होतो.

द्वारांचे विकार : पटकी (कॉलरा) या रोगात आतड्याचा अभिस्तर शाबूत असूनही रोगी दगावू शकतो. या रोगाचे जंतू जीवविष निर्माण करतात, हे शंभुनाथ डे यांनी कलकत्ता येथे १९५९ मध्ये सशांवरील प्रयोगांनी दाखविले. या विषामुळे अभिस्तर कोशिकांतील क्लोराइडाच्या मार्गिका उघड्या राहतात. क्लोराइडापाठोपाठ सोडियम व पाणी आतड्याच्या पोकळीत जाते आणि तीव्र निर्जलीकरण होते. तथापि त्याच कोशिकांतील, सोडियम व ग्लुकोज एकत्र आत घेणारे दुसरे द्वार चालूच असते. मीठ व साखर यांचे योग्य प्रमाणातील द्रावण (जलसंजीवनी) पाजल्यास या द्वाराने पाणी पुन्हा शरीरात शोषले जाते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडल्याने दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले. तेथील मृत्युप्रमाण सु. ३०% वरून ४% च्या खाली आले.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात याच्या उलट घडते. क्लोराइडाची तीच मार्गिका सदोष असल्याने श्वासनलिकांतील श्लेष्मा घट्ट होतो व वारंवार जंतुसंसर्ग होतो. या मार्गिकेचे जनुक ७ व्या गुणसूत्रावर असल्याचे १९८९ मध्ये निश्चित झाले. २०१२ पासून मार्गिकेचे कार्य सुधारणारी औषधे उपलब्ध झाली आहेत.

कर्करोग : प्रौढांतील बहुसंख्य कर्करोग अभिस्तरात सुरू होतात. सतत विभाजन आणि बाह्य द्रव्यांशी थेट संबंध ही त्याची प्रमुख कारणे होत. धूम्रपानाने श्वासनलिकांतील केसल कोशिकांच्या जागी चपट्या कोशिकांचे अनेक पदर येतात. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे उठतात. हे बदल कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकतात. विकृत कोशिका आधारकला भेदत नाहीत तोपर्यंत त्या दूरवर पसरू शकत नाहीत. म्हणूनच गर्भाशयग्रीवेच्या कोशिका खरवडून तपासणे वा तोंडाची वेळीच पाहणी करणे जीवरक्षक ठरते.