नवी एसएसडी आणली, पण जुन्या डिस्कवरचं विंडोज तिच्यावर न्यायचं कसं?

लॅपटॉप चालू केला, गॅसवर चहा ठेवला, चहा पिऊनही झाला, तरी स्क्रीनवरचं ते गोल चक्र फिरतंच आहे. असा एखादा लॅपटॉप तुमच्याही घरात असेल. बऱ्याचदा दोष प्रोसेसरचा नसतो, आतल्या जुन्या हार्ड डिस्कचा असतो. त्या डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक हेड तिच्यावर इकडून तिकडे सरकत माहिती शोधतं. एसएसडीमध्ये फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. माहिती चिपमध्ये असते, त्यामुळे ती जवळजवळ लगेच मिळते.

एसएसडी बसवायची म्हटलं की दुकानदार हमखास सांगतो, "फॉरमॅट मारावं लागेल." मंडळी, तसं बंधन नाही. आहे तेच विंडोज, प्रोग्रॅम आणि फाईल्ससकट नव्या डिस्कवर नेता येतं. याला क्लोनिंग म्हणतात. मात्र घाई केली तर वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेब कायमचे हातचे जाऊ शकतात. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी हे वाचा.

नुसतं कॉपी-पेस्ट का चालत नाही?

विंडोज चालू असताना त्याच्या कित्येक फाईल्स वापरात असतात, त्या साध्या पद्धतीने कॉपी होत नाहीत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आजकालचा लॅपटॉप सुरू होताना आधी सी ड्राइव्हकडे जात नाही. तो डिस्कवरच्या एका छोट्या, लपलेल्या विभागाकडे जातो. हे ईएफआय पार्टिशन. विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम तिथे असतो. तुम्ही अख्खा सी ड्राइव्ह कॉपी केलात तरी हा विभाग मागेच राहतो आणि नवी डिस्क सुरू होत नाही. क्लोनिंगचं सॉफ्टवेअर हे सगळे विभाग त्यांच्या जागेसकट उतरवून घेतं.

क्लोन करावं की नव्याने विंडोज टाकावं?

विंडोज नीट चालत असेल, फक्त संथ असेल, तर क्लोन करा. टॅली किंवा श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर असेल आणि त्याची सीडी नि लायसन्सचे कागद कुठे गेले हे आठवत नसेल, तर क्लोन खूप त्रास वाचवतो. पण काही सॉफ्टवेअरचं लायसन्स हार्डवेअरला बांधलेलं असतं, तेव्हा आधी विक्रेत्याला विचारून घ्या.

व्हायरस असेल, विंडोज सारखं अडकत असेल, तर मात्र नव्याने टाकलेलं बरं. क्लोनमध्ये घाणही जशीच्या तशी येते! विंडोजच्या अ‍ॅक्टिव्हेशनची चिंता नको. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स साधारणपणे मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्कशी नाही.

खरेदी करताना काय बघायचं?

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा एसएसडी बसते. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो. नव्यांमध्ये एम.२ नावाची छोटी पट्टी लागते आणि गोंधळ इथेच होतो. एम.२ हा फक्त आकार आहे. त्यात साटाही असते आणि कितीतरी वेगवान एनव्हीएमईही. दिसायला सारख्या असल्या तरी लॅपटॉपला जी चालते तीच घ्यावी लागते. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तपासा.

आता खरा धोका: बिटलॉकर

बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. हार्डवेअरमध्ये किंवा बूटच्या सेटिंगमध्ये बदल दिसला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर डेटा बंदच. मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही.

ही की बहुधा लॅपटॉप पहिल्यांदा सेट करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. ते अकाउंट तुमचं आहे, भाच्याचं आहे की दुकानदाराचं? आजच बघा. की कागदावर लिहून ठेवा. मग सेटिंगमधून एन्क्रिप्शन बंद करा, ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा आणि काम झालं की नव्या डिस्कवर पुन्हा चालू करा.

आता कामाला लागा

१. आधी बॅकअप. महत्त्वाच्या फाईल्स तिसऱ्याच डिस्कवर घ्या. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर हे सगळ्यात आधी, कारण क्लोनिंगमध्ये सगळा डेटा वाचला जातो आणि मरणासन्न डिस्क तेवढ्यात दगा देऊ शकते.

२. जुन्या डिस्कवर भरलेली जागा नव्या एसएसडीच्या क्षमतेपेक्षा कमी हवी. जास्त असेल तर आधी साफसफाई करा.

३. एसएसडी यूएसबी केबलने किंवा केसिंगमध्ये घालून लॅपटॉपला जोडा.

४. सॅमसंगसारख्या काही कंपन्या आपल्या एसएसडीसाठी क्लोनिंगचं सॉफ्टवेअर मोफत देतात. क्लोनझिला हेही मोफत आहे, पण त्याला नवी डिस्क साधारणपणे जुनीएवढी किंवा मोठी लागते.

५. सोर्स म्हणजे जुनी, टार्गेट म्हणजे नवी. इथे उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर उतरेल! नाव आणि क्षमता दोनदा वाचूनच पुढे जा. चार्जर लावलेला असू द्या.

६. पूर्ण झाल्यावर लॅपटॉप बंद करा, जुनी डिस्क काढा, नवी बसवा. पहिल्यांदा फक्त नवीच जोडून सुरू करा.

सुरूच झाला नाही तर?

घाबरू नका, जुनी डिस्क अजून तशीच आहे. बायोसमध्ये जाऊन बूटच्या यादीत नवी एसएसडी पहिली आहे का बघा. साटावरून एनव्हीएमईवर गेलात आणि निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' दिसलं, तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. नव्या डिस्कचा ड्रायव्हर तिथे लोड होतो आणि पुढच्या वेळी बहुधा विंडोज नीट उघडतं.

जुनी डिस्क लगेच पुसू नका

दोन-तीन आठवडे ती कपाटात ठेवा. फोटो उघडतात का, हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं का, प्रिंटर निघतो का, सगळं तपासा. खात्री पटल्यावरच ती पूर्ण पुसा, आणि पुसल्याशिवाय कुणाला विकू किंवा भंगारात देऊ नका. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. त्यात तुमच्या आधार-पॅनच्या प्रतीही असतील.

आणि हो, एसएसडीला डीफ्रॅग करायची गरज नाही. तिची निगा विंडोज स्वतःच ठेवतं.

तुमच्या ओळखीत कुणी "लॅपटॉप स्लो झालाय, नवा घ्यावा म्हणतोय" असं म्हणत असेल, तर पैसे खर्च करण्याआधी हा लेख त्याला नक्की पाठवा!