आज्ञावलीची सुव्यवस्थित समाप्ती आणि आवराआवरीची संहिता

संगणक आज्ञावलीच्या अध्यापनात आरंभाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे समाप्तीला दिले जात नाही. वस्तुतः बफरमध्ये राहिलेली माहिती डिस्कवर उतरवणे, तात्पुरत्या फाइली काढून टाकणे, डेटाबेसची जोडणी सोडणे ही कामे उरकूनच आज्ञावली थांबणे इष्ट असते.

सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात यासाठी 'अ‍ॅटएक्झिट' हे फंक्शन आहे. त्याच्याकडे नोंदविलेली फंक्शन्स आज्ञावली नेहमीच्या मार्गाने संपताना उलट क्रमाने चालतात. हा क्रम सहेतुक आहे. नंतर उभारलेली गोष्ट आधीच्या गोष्टीवर विसंबून असू शकते. जावातील 'शटडाउन हुक' मात्र स्वतंत्र थ्रेडवर एकाच वेळी चालतात, त्यांच्या क्रमाची हमी नसते.

युनिक्समध्ये आज्ञावलीला थांबण्याची विनंती 'सिगटर्म' (क्रमांक १५) या संकेताने केली जाते. त्यासाठी हँडलर लिहिलेला नसेल, तर आज्ञावली तत्काळ संपते आणि 'अ‍ॅटएक्झिट'कडील फंक्शन्स चालतच नाहीत. ही बाब पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यावयास हवी. हँडलर लिहिला तरी संकेत कोणत्याही क्षणी, अगदी मेमरीचे वाटप अर्धवट असतानाही, येऊ शकतो. अशा वेळी हँडलरमध्ये 'मॅलॉक' वा 'प्रिंटएफ' वापरल्यास आज्ञावली कायमची अडकण्याचा धोका असतो. म्हणून हँडलरने केवळ एक खूण करून ठेवावी. मुख्य लूपने ती पाहून आवराआवर करावी.

तथापि 'सिगकिल' (क्रमांक ९) हा संकेत कोणत्याही आज्ञावलीला अडविता येत नाही. डॉकर सामान्यतः १० सेकंद आणि कुबरनेटिस ३० सेकंद वाट पाहून तोच पाठवितात. वीज खंडित झाली तर तेवढीही सवलत नाही. ग्रंथालयातील दिवसभराच्या देवघेवीच्या नोंदी मेमरीत साठवून संध्याकाळी आज्ञावली बंद होताना लिहिण्याची योजना असेल, तर दुपारी वीज जाताच सकाळी नेलेल्या पुस्तकांचा माग राहत नाही. प्रत्येक नोंद त्याच वेळी 'एफसिंक'द्वारे डिस्कवर पोहोचविणे काहीसे संथ, पण आवश्यक आहे. समाप्तीच्या संहितेवर सोपवावयाची ती केवळ राहून गेली तरी चालतील अशी कामे.

जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी २००३ मध्ये याहून टोकाची भूमिका मांडली. त्यांच्या मते आज्ञावली थांबविण्याचा मार्ग म्हणजे ती कोसळविणे आणि सुरू करण्याचा मार्ग म्हणजे कोसळण्यातून सावरणे, एवढेच असावे. असे केल्यास सावरण्याची संहिता रोजच्या रोज तपासली जाते.