वजन पेलेल, वाऱ्याचं बघा

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की घरातल्या वडीलधाऱ्यांची पहिली शंका एकच असते: स्लॅबला एवढं ओझं झेपेल का? शंका रास्त आहे, पण खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची करायला हवी.

साधारण ५४० वॉटचं एक पॅनेल २८ किलोच्या आसपास भरतं आणि अडीच चौरस मीटर जागा घेतं. लोखंडी सांगाडा धरला तरी चौरस मीटरमागे १५ ते २० किलो. आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार, माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीचं डिझाइन चौरस मीटरला सुमारे १५० किलो जादा भार धरून करायचं असतं. म्हणजे नीट बांधलेल्या, धडधाकट स्लॅबला पॅनेलचं ओझं फारसं जाणवत नाही.

आता वारा. त्याच मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरला आहे; पुण्यासाठी ३९ मीटर. मुंबईच्या वेगाने दाब येतो चौरस मीटरला जवळजवळ ११८ किलो. उंची, उतार, आजूबाजूच्या इमारती यांनुसार हा आकडा बदलतो, पण ढोबळ हिशेबाने २८ किलोच्या पॅनेलला वारा ३०० किलोच्या जोराने उचलू पाहतो. खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून सांगाडा आठ-दहा फूट उंच केला, की वाऱ्याला आणखी वाव. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत घरांवरचे पत्रे कसे उडवले, ते कोकणाने पाहिलंय.

म्हणून सांगाडा कशाला धरून उभा आहे, ते आधी बघा. आपल्याकडे बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. अँकर बोल्ट नुसता कोब्यात रुतलेला असेल तर तो काहीच धरत नाही. तो खालच्या काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे. पण तिथवर भोक पाडलं की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पावसाळ्यात छत गळतं. त्यामुळे पुष्कळ जण भोक टाळून काँक्रीटचे ठोकळे ठेवतात. एक फुटी ठोकळा ६५ किलोच्या घरात जातो. असे डझनभर ठेवले की वजनाचा प्रश्न पुन्हा दारात. सांगाड्याचे पाय आणि ठोकळे शक्यतो बीम-कॉलमच्या रेषेवर यावेत. स्लॅबच्या मधोमध किंवा पुढे काढलेल्या सज्ज्यावर नकोत.

जुन्या इमारतीत मात्र मला कोब्याचीच जास्त धास्ती वाटते. गळती थांबवायला थरावर थर चढवलेले असतात आणि चार इंची एक थरच चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. स्लॅबची सगळी जादा ताकद त्यातच संपलेली असू शकते. स्लॅब खालून बघा. पोपडे सुटलेत का, सळईच्या रेषेत तडा आहे का, गंजाचे तांबूस डाग उतरलेत का, हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? यातलं एकही लक्षण दिसलं तर पॅनेलचा विचार बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा अंदाज येतो, सळया किती गंजल्यात हे वेगळं तपासावं लागतं.

पत्र्याच्या शेडला १५ किलोही हलके नाहीत, कारण अशा छताचं डिझाइन पुष्कळदा चौरस मीटरला ७५ किलोवरच, कधी त्याहूनही कमी भारावर केलेलं असतं. पॅनेल पत्र्याला नव्हे, खालच्या पर्लिनला जखडायचं आणि कैच्या गंजलेल्या असतील तर आधी त्या बदलायच्या.

ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सांगाड्याचं ड्रॉइंग मागा. त्यावर वाऱ्याचा धरलेला वेग, अँकरची खोली आणि इंजिनीअरची सही असायला हवी.