काळ्या द्राक्षाचे गोत्र

कॅबर्ने सोव्हिन्यों हे नाव आज नाशिकच्या द्राक्षबागायतदारालाही परके नाही. मात्र त्याच्या गोतावळ्यातील ‘ओन्दाराबी बेल्त्सा’ हे नाव मद्याच्या जाणकारांच्याही कानांवर क्वचितच पडते. ‘बेल्त्सा’ म्हणजे बास्क भाषेत काळे. जगातील कोणत्याही जिवंत भाषेशी नाते सिद्ध न झालेल्या या भाषेच्या प्रदेशात, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, हे द्राक्ष पिकते.

येथे पाऊस भरपूर. म्हणून गेतारिया परिसरात वेल उंच मांडवावर चढवतात. घड ओल्या जमिनीपासून दूर राहतात, हवा खेळते आणि बुरशीला आळा बसतो. आपल्याकडच्या बागायतदाराला हे तर्कशास्त्र वेगळे समजावून सांगायला नको. येथील हलक्या, आंबटसर मद्याला ‘चाकोली’ म्हणतात. त्यातही मान पांढऱ्या चाकोलीचा. काळ्या द्राक्षाच्या वाट्याला थोडी जमीन येते. विसाव्या शतकाच्या मध्यास चाकोलीच्या बागा मोजक्याच उरल्या होत्या. 1989 मध्ये गेतारियाच्या चाकोलीला अधिकृत मूळस्थान-मानांकन मिळाले, पाठोपाठ 1994 मध्ये बिस्काय प्रांताच्या, आणि हा ऱ्हास थांबला.

याच सुमारास द्राक्षांच्या वंशावळी प्रयोगशाळेत उलगडू लागल्या. कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून जन्मली, हे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी 1997 मध्ये दाखवले. मेर्लोचे एक जनकत्वही कॅबर्ने फ्रांकडेच जाते. पुढे डीएनए तपासणीत कॅबर्ने फ्रां आणि ओन्दाराबी बेल्त्सा यांच्यात थेट जनक-अपत्य नाते आढळले. ‘मोरेनोआ’ या दुसऱ्या बास्क जातीशीही तिचे तसेच नाते निघाले.

अशी तपासणी नाते सांगते, पण दुसरा जनक हाती नसेल तर आई कोण आणि लेक कोण हे सांगत नाही. तरीही दोन जुन्या बास्क जाती इतक्या जवळच्या निघाल्यामुळे, बोर्दोची मानली जाणारी कॅबर्ने फ्रां मुळात बास्क भूमीतली असावी, असा तर्क अभ्यासकांनी मांडला.

हा तर्क करता आला, कारण बाजारात फारशी किंमत नसलेली ही वेल कोणीतरी मांडवावर जपली होती. ती उपटली गेली असती, तर एका थोर घराण्याच्या वंशावळीतले पानच फाटले असते आणि ते फाटल्याचे कोणाला कळलेही नसते.