मोटारीच्या दाराची खुंटी

जुन्या मोटारीच्या दारावर, खिडकीच्या काचेलगत वर आलेली छोटी खुंटी तुम्ही पाहिली असेल. ती खाली दाबली की दाराला कुलूप लागते, वर ओढली की निघते. हे कसे घडते?

आपल्याला दिसतो तो खुंटीचा फक्त माथा. त्याखाली दाराच्या पोकळीत एक बारीक सळई असते. ती खटक्याजवळच्या तरफेला जोडलेली असते. खुंटी दाबली की तरफ फिरते आणि बाहेरच्या मुठीचा खटक्याशी असलेला संबंध तुटतो किंवा अडवला जातो. मग मूठ कितीही ओढली तरी दार उघडत नाही.

अमेरिकेत १९६४ साली आलेल्या फोर्ड मस्टँगसारख्या मोटारींत हा माथा अळंबीच्या छत्रीसारखा रुंद असे. तो बोटांना सोयीचा, तसाच चोरालाही! काचेच्या फटीतून आत सोडलेल्या तारेचा फास त्याखाली सहज अडके. पुढे छत्री नसलेले, गुळगुळीत व वर निमुळते होत जाणारे माथे आले.

एक प्रयोग करून पाहा. साबणाच्या वडीत एक खिळा माथा वर ठेवून रोवा. शेजारी विणायची सुई टोक वर ठेवून रोवा. दोहोंना दोऱ्याचा फास घालून वर ओढा. खिळ्याच्या माथ्याखाली फास अडकतो. सुईवर मात्र त्याला फक्त घर्षणाचा आधार असतो. तो अपुरा पडतो आणि फास निसटतो.

जुन्या मोटारींचे हौशी मालक हा बदल घरीच करतात. अनेक मोटारींत माथा सळईवर आट्यांनी बसवलेला असतो. तो डावीकडे फिरवून काढायचा, फेरे मोजायचे आणि त्याच आट्यांचा नवा माथा तितकेच फेरे देऊन बसवायचा. पहिली चाचणी घेताना काच खाली असावी व किल्ली खिशात असावी, नाहीतर आपणच बाहेर अडकू!

आता खरा प्रश्न. माथा पार आत जाईल इतका खाली बसवला तर चोर हरेल, पण आत बसलेल्या लहान मुलालाही तो बोटांनी वर ओढता येणार नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत काचेतून ऊन आत येते, पण तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना आतले तापमान अर्ध्या तासात ५० अंशांच्या घरात जाऊ शकते. मुलाच्या जिवाला तेवढे पुरेसे आहे. म्हणून कुलूप लागल्यावरही माथा बोटांच्या चिमटीत येईल इतका वर राहिला पाहिजे. आत बसून, दार लावून, घरातल्या सर्वांत लहान हातांकडून तो उघडून घ्यावा. चाचणी पुरी झाली असे त्यानंतरच म्हणावे.